शिक्षकाला खासदार आणि पुढे राजदूत होता येतं का?

तुमचा प्रश्न : राधाकृष्णन यांच्यासारखं शिक्षकी पेशातून थेट संसदेत आणि राजदूतपदावर जाता येतं का, आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागते का?

आधी तो 'थेट' खोडा. दर 5 सप्टेंबरच्या भाषणांत मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला तत्त्वज्ञानाचा मास्तर एका उडीत राष्ट्रपती भवनात पोचतो. मधलं अर्धशतक गाळलं जातं, कारण त्यात राजकारण आहे. आणि गुरुजींनी राजकारणाला शिवू नये, असं त्याच व्यासपीठावरच्या अध्यक्षांचं ठाम मत असतं.

गाळलेला भाग असा. 1931 मध्ये ते आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच सुमारास राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांची पूर्वसुरी) बौद्धिक सहकार्य समितीवर गेले. 1936 पासून ऑक्सफर्डचं अध्यासन (विद्यापीठातलं खास प्राध्यापकपद), 1939 ते 1948 काशी हिंदू विद्यापीठाचं कुलगुरूपद. 1946 ला संविधान सभेत आले, तेही प्रांतिक आमदारांच्या मतांवर. जनतेपुढे मतं मागायला ते कधीच उभे राहिले नाहीत. त्याच वर्षापासून युनेस्कोच्या बैठका सुरू. 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री सभेत नेहरू, मुस्लिम लीगचे खलिकुझ्झमान आणि तिसरे राधाकृष्णन बोलले. म्हणजे 1949 ला राजदूत म्हणून मॉस्कोला पाठवलेला माणूस परदेशी शिष्टमंडळांत अठरा वर्षं मुरलेला होता.

त्यांच्या आधीच्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांना स्टालिनने भेटीची वेळ दिली नव्हती. राधाकृष्णन यांना जानेवारी 1950 मध्ये दिली. ही तत्त्वज्ञानाच्या तेजाची करामत म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. मॉस्कोचा भारताकडे बघण्याचा रोखच तेव्हा बदलू लागला होता. पण दार उघडलं ते वाया गेलं नाही. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि जुलैत नेहरूंनी स्टालिनला मध्यस्थीचं पत्र लिहिलं, तेव्हा मॉस्कोतली बाजू यांनीच सांभाळली. हे चालू असताना ऑक्सफर्डचं अध्यासनही 1952 पर्यंत त्यांच्याकडेच होतं. आज अनुदानित कॉलेजातल्या कुणी अशी दोन ठिकाणी हजेरी लावली, तर उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय आधी पगारबिल अडवेल! उपराष्ट्रपती म्हणून 1952 आणि 1957, दोन्ही वेळा बिनविरोध. 1962 ला मात्र राष्ट्रपतिपदासाठी समोर दोन उमेदवार होते.

तुम्हाला क्रमाने चालायचं असेल तर नुरुल हसन जास्त जवळचे : अलीगढला इतिहासाचे प्राध्यापक, मग राज्यसभा, शिक्षण खातं, 1983 ला मॉस्कोत राजदूत, पुढे पश्चिम बंगालचे राज्यपाल. अशा राजकीय नेमणुकीला परीक्षा नसते. पंतप्रधानांचा विश्वास लागतो आणि यजमान देशाची आगाऊ संमती. त्यासाठी अर्ज कुठे करायचा, हे विचारू नका.

राज्यसभेच्या बारा नियुक्त जागांवरही भिस्त नको. संविधानाच्या कलम 80 मध्ये साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा आहे, शिक्षण नाही.

आता नोकरीचं. राधाकृष्णन आणि नुरुल हसन दोघंही विद्यापीठातली माणसं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना सेवेत राहून निवडणूक लढवता येत नाही. खाजगी अनुदानित शाळेची नियमावली वेगळी, 1981 ची. ती स्वतः वाचा, स्टाफरूममधल्या वकिलांना विचारू नका. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकाला मतही नाही. मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा वरच्या वर्गांना शिकवलेलं लागतं, आणि यादी दर निवडणुकीला नव्याने होते, म्हणून नमुना 19 (नावनोंदणीचा अर्ज) पुन्हा भरायचा.

लोकसभेला अनामत 25,000 रुपये (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी). अपक्षाला दहा सूचक (उमेदवारी अर्जावर सही करणारे मतदार). अर्ज फसतो तो बहुधा राजीनाम्यावर. पात्रता बघतात ती छाननीच्या दिवशीची. त्या दिवसापर्यंत राजीनामा नुसता दिलेला असून भागत नाही, तो मंजूर झाल्याचं पत्र हातात लागतं. नोटिशीचा कालावधी धरून मागे मोजा.