अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारे लोक रीतसर अर्ज करून कायदेशीर का होत नाहीत?

कारण बहुतेकांना अर्ज करायला खिडकीच नाही. ‘रांगेत उभे राहा’ हे भाषणात छान वाटतं. पण चोरून सीमा ओलांडलेल्या माणसाने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं, तरी ग्रीन कार्डसाठी त्याला सहसा देशाबाहेर जावं लागतं. आणि वर्षभर किंवा जास्त बेकायदा राहिलेला असेल, तर बाहेर पडताच १९९६ च्या कायद्याने १० वर्षं परतीची बंदी. सूट मागता येते, मिळेलच असं नाही. मग कोण जाईल?

दीर्घ वास्तव्यावर ग्रीन कार्ड देणारी जुनी तरतूद आहे म्हणा, पण त्यासाठी १ जानेवारी १९७२ च्या आधी आलेलं असावं लागतं. १९८६ पासून ही तारीख पुढे सरकलेलीच नाही!

अशा लोकांना कायदेशीर करायला विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळातल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई व्हायची होती, ती बरीचशी कागदावरच राहिली. म्हणून ‘आधी सीमा, मग बाकीचं’ हा हेका. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी या लोकांना कायदेशीर होण्याची वाट देणारा तोडगा मंजूर केला होता, पण प्रतिनिधीगृहात तो मतदानालाच आला नाही.