देवाला विनम्र म्हणावं का? (आणि वत्सल शब्दाबद्दल थोडं जास्तच)

प्रश्न असा आलाय की मुलांच्या एका ॲनिमेशन फँटसीच्या मराठी डबिंगमध्ये देव गुडघे टेकून लेकराचं गाऱ्हाणं ऐकतो आणि निवेदक म्हणतो, 'देव विनम्र आणि दयाळू होते'. तर देवाला विनम्र म्हणणं बरोबर का, का लीन म्हणावं, आणि दयाळू नि कनवाळू एकच का?

विनम्र नको. चौकाचौकात फ्लेक्सवर 'विनम्र अभिवादन' वाचून वाचून आपल्याला कुणी चांगला वागला की तोच शब्द सुचायला लागलाय, आता देवालाही चिकटवला. नम् म्हणजे वाकणं, आणि मराठीत विनम्र धाकट्यानं थोरापुढं व्हायचं असतं. कलेक्टर शिपायाशी नीट बोलला तर आपण म्हणतो साधा माणूस आहे, निगर्वी आहे, शिपायापुढं विनम्र झाला असं कुणी म्हणतं का? लीन तर त्याहून नको, ली म्हणजे चिकटणं, विरघळून जाणं, भक्त देवाच्या ठायी लीन होतो. (विनय आणि विनम्र एका घरचे समजणारेही लई भेटतात. विनय नी धातूचा, नेता, नीती, विनायक हे त्याचे भाऊबंद, नम्रचा तिथं काही संबंध नाही.)

असा देव दाखवायचा तर आपल्याकडं शब्द तयार आहे, वत्सल. भक्तवत्सल म्हणून आरत्यांमध्ये रोज येतो आणि अर्थ विचारला की लोक 'प्रेमळ, मायाळू' सांगून मोकळे होतात, कोशसुद्धा बऱ्याचदा तेवढंच सांगतात, याचा मला खरंच राग येतो. अहो, वत्स म्हणजे वासरू! वासरू हा शब्दही वत्सरूपवरूनच आलाय. म्हणजे वत्सल म्हणजे वासरासाठी जीव टाकणारी गाय.

आता वत्स कुठून आला? उणादिसूत्रं, म्हणजे शब्दांचे धातू सांगणारी संस्कृत व्याकरणातली जुनी सूत्रं, मानणारे वद् (बोलणं) हा धातू सांगतात, बोलतं ते वत्स. वासरू कधी बोलायला लागलं? आवाज जुळला की धातू लावून रिकामं व्हायचं, ही जुन्या वैयाकरणांची खोड आहे आणि अजून लोक ती मान डोलवत पुढं चालवतात, मला अजिबात पटत नाही. वत्सर म्हणजे वर्ष, संवत्सर आपण पाडव्याला पंचांगात वाचतोच, तर वत्स म्हणजे मुळात वर्षाचं जनावर. संस्कृत-इंग्रजी कोश करणाऱ्या मोनियर विल्यम्सचाही कल इकडंच आहे, आणि लॅटिनमध्ये वासराला विटुलस म्हणतात ते याच कुळातलं.

पण खरी गंमत पाणिनीत आहे. अष्टाध्यायीत, म्हणजे त्याच्या व्याकरणाच्या ग्रंथात, 5.2.98 ला सूत्र आहे, 'वत्सांसाभ्यां कामबले'. वत्सला ल लावला की माया असलेला, वत्सल. अंस म्हणजे खांदा, त्याला ल लावला की बळ असलेला, अंसल. माया आणि बळ एका सूत्रात! व्याकरणवाले म्हणतील की प्रत्यय एकच म्हणून सूत्र एक केलं, यात भाव शोधू नका. कामून शोधू नये? ॲनिमेशनमधले निम्मे देव बघा, मान दिसत नाही एवढे खांदे, कॅमेरा कायम पायापासून वर बघणारा, म्हणजे नुसते अंसल. तुम्ही सांगितलेला देव खाली बसला, लेकराच्या नजरेला नजर आली, तिथं तो वत्सल झाला, आणि त्याचं बळ काही कमी झालं नाही.

व्यालेली गाय जवळून बघा. वासरू चिकट, पाय लटपटतायत, गाय मान पार जमिनीपर्यंत नेऊन चाटून चाटून त्याला कोरडं करते, आणि परकं कुणी जवळ आलं की तीच शिंग उगारते. मान खाली गेली म्हणून ती वासरापुढं विनम्र झाली का? रामानुजांच्या वैष्णव परंपरेतल्या काही आचार्यांनी वात्सल्य असंच उलगडून सांगितलंय, गाय जशी वासराच्या अंगावरची घाण चाटते तसा देव भक्ताचे दोष जवळ करतो. करुणा म्हणतात ती ही.

आणि हे सगळं आमच्या मराठवाड्यात तर घरचंच आहे. पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी भरतो, कावड खांद्यावरच असते ना! गंगाखेडच्या जनाबाईचा विठू तर लेकुरवाळा, निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला. अंसल आणि वत्सल दोन्ही एका चित्रात, आणि जनाबाईनं त्यासाठी शब्द उचलला तो कडेवर पोर, हाताला पोर असलेल्या बाईचा.

दयाळू-कनवाळूचं राहिलंच. दया लांबूनही करता येते, वरून खाली टाकता येते, कणव पोटातून यावी लागते, म्हणून या प्रसंगाला कनवाळू.

डबिंगवाले म्हणतात ओठांच्या हालचालीला जुळणारा शब्द लागतो. पात्राच्या तोंडी असेल तर मान्य, पण हे वाक्य निवेदकाचं आहे, त्याचे ओठ पडद्यावर दिसतच नाहीत. वत्सलचाच अर्थ जनाबाईच्या शब्दात आणा, 'देव लेकुरवाळा होता, कनवाळू होता' एवढं म्हणा, सहा वर्षांच्या पोरालाही कळतं.