बहिणीच्या इंजिनिअरिंगला मुलींची कुठली स्कॉलरशिप मिळते, आणि घरची शेती असताना फॉर्म भरला तर गावात बरं दिसतं का?

भावा, स्कॉलरशिपचं सांगतेच, पण तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून टाईप करायला बसले. "आमची अडीच एकर आहे, दारात ट्रॅक्टर आहे, चुलते म्हणतात असले फॉर्म भरले की गावात नाव जातं." हे वाक्य मी १९९६ साली ऐकलंय, जवळजवळ असंच्या असं, फक्त ट्रॅक्टरच्या जागी बैलजोडी होती.

आमचं गाव कोल्हापुरातनं राधानगरी रोडनं तासाभरावर. बारावी सायन्सला ७१ टक्के पडले, तेव्हा आमच्या गावात मुलीला ७१ म्हणजे पेढे वाटायचे मार्क, आणि बीएस्सीला कोल्हापुरात ॲडमिशन झाली. कॉलेजात ईबीसीचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरच्या पोरांना फी माफीचा, फॉर्म मिळायचा, जुनी माणसं त्याला सरळ नादारी म्हणायची, आणि सगळा घोळ त्या शब्दातच आहे. फी माफ होणार, त्यासाठी वडिलांची सही आणि चावडीतनं उत्पन्नाचा दाखला, बस्स. मी फॉर्म आणून तात्यांच्या हातात दिला. तात्या म्हणजे माझे वडील, एकदम गरीब स्वभावाचे, थोरल्या भावापुढं कधी तोंड वर केलं नाही. त्यांनी तो आप्पांना दाखवला. आप्पा चुलते. त्यांनी फॉर्म उलटासुलटा केला आणि म्हणाले, "आपल्या घरची पोरगी नादारीच्या लायनीत उभी राहिली तर उद्या सोयरीक कोण जुळवणार? आणि दाखल्यावर काय लिवायचं, आम्ही भिकारी हाय म्हणून?"

फाडला वगैरे नाही हां, सिनेमात फाडतात. आमच्यात नुसतं "बघू की उद्या" म्हणतात. मी रोज विचारायची, तात्या रोज बघू म्हणायचे, आणि शेवटची तारीख गेल्यावर आठ दिवसांनी मला तो फॉर्म फडताळात, कारखान्याच्या वजनाच्या पावत्यांखाली सापडला. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. कॉलेजच्या ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणाला पुढच्या वर्षी ये.

फी भरली आईनं. दोन म्हशी होत्या, डेअरीचं दहा दिवसांचं बिल यायचं, त्यातनं घरखर्च भागवून ती थोडं थोडं बाजूला काढायची आणि रुमालात बांधून द्यायची, "जा, मी देतो तुला, कुणाला सांगायचं न्हाई." (आमच्याकडं बायका स्वतःला देतो-जातोच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.) तीन हप्त्यांत फी भरली मी, आणि पावसाळ्यात एक म्हैस आटली तेव्हा प्रॅक्टिकलची जर्नल्स घ्यायला पैसे नव्हते, मैत्रिणीच्या जुन्या जर्नलची कोरी पानं काढून शिवून घेतली. ही गरिबीची गोष्ट म्हणून सांगत नाही, पैसे मिळणार होते आणि आम्ही ते मानापायी घेतले नाहीत म्हणून सांगतेय.

आता खरी मजा ऐक. दिवाळीला चुलतभाऊ आला, आप्पांचा मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, कोल्हापुरातच दुसऱ्या कॉलेजला बीकॉमला होता. फराळ करताना सहज विषय निघाला फीचा आणि तो चिवडा खात खात म्हणतो, "तू ईबीसी भरली न्हाईस व्हय? येडी हायस का? मी दोन वर्षं भरतोय, आप्पांनीच दाखला काढून आणला की." तोच तलाठी, तीच चावडी, तोच सातबारा, कारण जमीन तेव्हा एकत्रच होती. मी आप्पांकडं बघितलं, त्यांनी लाडू उचलला आणि म्हणाले पोराची गोष्ट येगळी असती, त्याला सवलत म्हणतात. आणि माझ्या वेळी तीच नादारी होती. मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही, याचा राग अजून आहे, पन्नाशी जवळ आली तरी.

दुसऱ्या वर्षी मी फॉर्म कुणाच्या हातात दिला नाही. स्वतः चावडीत जाऊन दाखला काढला, तलाठ्यानं दोनदा विचारलं आप्पांना माहिती आहे का, मी म्हटलं तात्यांचा दाखला आहे, आप्पांचा नाही. रात्री तात्यांपुढं फॉर्म धरला. त्यांनी सही केली, पेन परत देताना म्हणाले, "आप्पाला सांगू नकोस." फी माफ झाली, आईनं साठवलेले आठशे रुपये तसेच राहिले, मला वाटलं आता ती स्वतःला एखादं लुगडं घेईल, तर तिनं सरकी पेंड आणली.

तर गावात बरं दिसतं का, याचं माझं उत्तर असं की गावाला विचारूच नकोस. आणि आपल्या कोल्हापुरात तर हा प्रश्न पडायलाच नको. दसरा चौकात उभं राहून आजूबाजूला बघ, जातीजातीच्या पोरांना शिकायला राहता यावं म्हणून शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली, १९०१ पासून एकामागनं एक, त्या बोर्डिंगांत राहून शिकलेल्यांची नातवंडं आज आपल्याला नाव जातं म्हणून शिकवतात. बायकांचंच बघायचं तर १९१८ साली महाराजांचा धाकटा मुलगा शिकारीत गेला, तेव्हा विधवा झालेल्या त्या लहान सुनेला, इंदुमतीदेवींना, महाराजांनी घरच्यांचा विरोध असताना कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवलं. कृष्णाबाई केळवकरांना डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी संस्थानच्या खर्चानं परदेशात पाठवलं. राजानं दिलं तर मान आणि सरकारनं दिलं तर भीक, हे मला कुणीतरी समजावून सांगा. आमचे आप्पा दर २६ जूनला ग्रामपंचायतीत महाराजांच्या फोटोला हार घालायला पहिल्या रांगेत असायचे, म्हणून सांगतेय.

बरं, आता तुझ्या बहिणीचं. मी हायस्कूलला सायन्स शिकवते आणि दर वर्षी निकाल लागला की मुली फॉर्म भरायला आमच्या घरीच येऊन बसतात, त्यामुळे हे हातातलं आहे.

मोठी गोष्ट ही की ८ जुलै २०२४ ला शासनाचा जीआर आला, ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, आधी निम्मं होतं. आईवडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे. ट्रॅक्टर दारात आहे का शेडमध्ये, हे फॉर्मवर कुठंही विचारत नाहीत. पण ॲडमिशन कॅप राउंडमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं, झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं सीट घेतली की विसरायचं, आणि अभिमत (डीम्ड) किंवा खासगी विद्यापीठ असेल तर तिथं हे लागू नाही. हे लोकांना पैसे भरून झाल्यावर कळतं. मागं एक मुलगी अशीच, घरच्यांनी "जवळ आहे, बस घ्यायला येते" म्हणून सीट घेतली आणि मग माझ्याकडं आली, मी काय करणार. जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, डोमिसाईल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हे आत्ताच काढायला टाका, निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते. अनुसूचित जातीच्या मुलींची योजना वेगळी, त्याचं काम विचारे माळाच्या सामाजिक न्याय भवनातनं चालतं, ते तुम्हाला नाही म्हणून लांबवत नाही.

माफी म्हणजे सगळं फुकट असं समजू नका. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, येण्याजाण्याचं घरनंच. इथंच तुझ्या अडीच एकराचा उपयोग आहे बघ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ती अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांना मिळते, आणि अल्पभूधारक म्हणजे पाच एकराच्या आत. म्हणजे जी शेती आहे म्हणून तुझे चुलते लाजायला लागलेत, त्याच शेतीच्या दाखल्यावर हा भत्ता आहे. फक्त मुलगी घरनं येऊन-जाऊन करत असेल तर मिळत नाही, होस्टेलला राहिली पाहिजे.

आणखी एक स्कॉलरशिप म्हणजे 'प्रगती', ही एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, खास मुलींची, इंजिनिअरिंग डिग्री-डिप्लोमाला, वर्षाला ५० हजार. उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, पहिल्या वर्षाला नाहीतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना. मेरिटवर असते, म्हणून मिळेलच असं नाही, पण भरायला काय जातंय. हिचा फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, बाकीचे महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर. राज्याची फी माफी आणि ही दोन्ही हातात पडतील असं धरून हिशोब मांडू नको, एकावेळी एकच घ्यायचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, त्या वर्षीच्या सूचना वाचूनच फॉर्म भर.

महाडीबीटीचं म्हणशील तर फॉर्म भरणं सोपं आहे, नंतरचं अवघड. कॉलेजचा क्लार्क फॉर्म सेंड बॅक करतो, दाखला पुसट आहे म्हणून नाहीतर नाव जुळत नाही म्हणून, आणि तो परत आलेला फॉर्म मुलगी दोन-दोन महिने बघतच नाही कारण तिला वाटतं आपलं काम झालं. दर आठवड्याला लॉगिन करून बघायचं. मंजूर झालं तरी रिडीमचं, म्हणजे पैसे खात्यात घ्यायचं, बटण स्वतः दाबायला लागतंय, ते नाही दाबलं तर पैसे तिथंच. आणि पैसे जातात आधार ज्या खात्याला जोडलंय तिकडं, फॉर्मवर तुम्ही काय लिहिलंय तिकडं नाही. गेल्या वर्षी एकीचे पैसे तिच्या सातवी-आठवीतल्या झिरो बॅलन्स खात्यात गेले, ते खातं बंद पडलेलं, बँकेत चार चकरा मारून सुरू केलं.

आणि ओटीपी. अर्ध्या मुलींचं आधार बापाच्या नाहीतर भावाच्या नंबरला जोडलेलं असतं. मुलगी माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर, ओटीपी भावाच्या फोनवर, भाऊ गाडीवर, फोन उचलत नाही, उचलला तर म्हणतो संध्याकाळी बघू. ते "बघू" ऐकलं की मला फडताळ आठवतं. सगळे भाऊ तसे नसतात, तू बहिणीसाठी विचारतोयस म्हणजे तू नाहीस, पण तरी.

आता कुणी म्हणेल आठ लाखाचे खोटे दाखले काढून बंगलेवाले पण घेतात. घेतात. मला माहीत आहेत तशी माणसं, आणि तुमचं उत्पन्न खरंच वर असेल तर भरू नका, मी खोटा दाखला काढून द्यायला बसलेली नाही. पण दुसऱ्यानं खोटं केलं म्हणून तुझ्या बहिणीनं खरं असताना सोडायचं, हा हिशोब मला कधी जमला नाही. आणि चुलत्यांशी भांडू नको, त्यांच्यापुढं विषयच काढू नको. मी पुढं नोकरीला लागल्यावर एकदा भांडले, दिवाळीचा तो लाडू वगैरे सगळं काढलं, आप्पांना काही आठवतच नव्हतं. म्हणाले, "मी असं कधी म्हनालो?"

दोन वर्षांपूर्वी त्यांची नात इंजिनिअरिंगला लागली, चुलतभावाची मुलगी. कागदांची फाईल घेऊन ती माझ्याकडंच आली, दाखला आप्पांनी स्वतः तहसीलला जाऊन काढलेला, वय पंच्याहत्तरच्या पुढं. मी भरला फॉर्म. जानेवारीत त्यांचा मला फोन, कधी करत नाहीत ते, मला वाटलं काय झालं, तर विचारतात, "ते रिडीम का काय असतंय ते दाबलं का पोरीनं? बघ की जरा." बघितलं, दाबलं नव्हतं.

तेव्हा आज रात्रीच बहिणीचं आधार कुणाच्या नंबरला आहे ते बघ. तुझ्या नंबरला असलं तर उद्या सुट्टी टाक आणि तिला घेऊन आधार केंद्रात जा, दुपारच्या आत पाळी येते.