डोळे कोरडे का झाले?

प्रश्न : पुण्यातील एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात मी अकरा वर्षे परिचारिका आहे. हल्ली रुग्ण दगावला तरी रडू येत नाही. उलट नवा रुग्ण दाखल झाला की चीड येते. मी निर्दयी झाले आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही, ताई. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’चे वर्णन आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न निवळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हणून केले असून, कामाविषयीची अलिप्तता व कडवटपणा हे तिचेच एक लक्षण आहे. तुमच्या विभागात एकाच रुग्णाशी महिनोन्महिने संबंध येतो, केमोथेरपीची सलाइन लावता लावता त्याच्या मुलांची नावेही पाठ होतात, आणि तो गेल्यावर शोक करण्याआधीच त्याच खाटेवर दुसरा रुग्ण येतो. तो शोक साचत जातो. (योगासनांचा सल्ला तुम्हाला आधीच मिळाला असेल, म्हणून मी देत नाही.) मेट्रनबाईंकडे काही काळासाठी बाह्यरुग्ण विभागात बदली मागा, रुग्ण गेल्यावर सहकाऱ्यांनी दहा मिनिटे एकत्र बसून त्याच्याविषयी बोलावे, हेही सुचवा. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र आजच ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोला.