बायोलॉजी-केमिस्ट्रीच्या संशोधकांना ग्रिड कम्प्युटिंगकडे कसं वळवायचं?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठातले फिजिक्सवाले ग्रिड (म्हणजे ठिकठिकाणची कम्प्युटिंग सेंटर्स जोडून केलेली एक मोठी यंत्रणा) आरामात वापरतात पण बायोलॉजीवाले दोन वर्कशॉप घेऊनही तिकडे फिरकत नाहीत, तर काय करायचं. मी काही वर्षं एका कम्प्युटिंग सेंटरमध्ये युजर सपोर्टला होतो, त्यावरून सांगतो, तिसरं वर्कशॉप घेऊ नका.

आणि फिजिक्सशी तुलना तर नकोच. युरोपातल्या सर्न या संशोधन केंद्राच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्राचं ग्रिड ४० हून जास्त देशांत पसरलंय, आपल्याकडची मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या संशोधन संस्था त्यात आहेत. फिजिक्सवाल्यांना दुसरा मार्गच नव्हता, एवढा डेटा एका जागी मावणार कसा, आणि सॉफ्टवेअर सांभाळायला प्रत्येक प्रयोगाची स्वतःची टीम असते. बायोलॉजीच्या लॅबमध्ये एक पीएचडीची मुलगी, एक डेस्कटॉप आणि डोक्यावर थिसिस. तिला आपण काय सांगतो, तर आधी ग्रिड सर्टिफिकेट (ग्रिडवर आपली ओळख पटवणारी डिजिटल फाइल) काढ, त्यासाठी ओळखपत्र घेऊन जा, मग व्हर्च्युअल ऑर्गनायझेशनमध्ये, म्हणजे ग्रिड वापरणाऱ्यांच्या एखाद्या गटात, नाव घाल, मग ती सर्टिफिकेटची फाइल कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, बसव. निम्मे लोक इथेच गळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

जे टिकतात त्यांना प्रॉक्सी गाठते. प्रॉक्सी म्हणजे सर्टिफिकेटवरून काढलेला तात्पुरता पास, साधारणपणे १२ तासांचा. आमच्याकडे एका मुलाने शुक्रवारी संध्याकाळी शेकडो जॉब (ग्रिडने करायची कामं) टाकले आणि घरी गेला, सोमवारी येऊन बघतो तर पहिले थोडे सोडले तर सगळे फेल, कारण रात्रीतच पास संपला होता आणि तो आपोआप रिन्यू करायची सोय असते हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. तो परत आला नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून एकच लॅब निवडा, आणि तिचाच खरा जॉब घेऊन त्यांच्या शेजारी बसा, आपलं डेमोचं उदाहरण नको. डॉकिंग (औषधाचा रेणू प्रोटीनमध्ये कसा बसतो ते कम्प्युटरवर तपासणं) किंवा सिक्वेन्स सर्च (डीएनए किंवा प्रोटीनचा क्रम डेटाबेसमध्ये शोधणं) असेल तर उत्तम, कारण त्याचे हजारो सुटे तुकडे होतात आणि एकाला दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही. २००५ मध्ये युरोपच्या ईजीईई ग्रिडवर विज्डम प्रकल्पाने मलेरियाच्या औषधासाठी असंच डॉकिंग केलं, एका पीसीला सुमारे ८० वर्षं लागली असती ते काम साधारण सहा आठवड्यांत झालं. पण जॉब दोन-दोन मिनिटांचे असतील तर शंभर-शंभर एकत्र बांधा, नाहीतर रांगेतच जास्त वेळ जातो. आणि ज्या कोडमध्ये प्रोसेसर सतत एकमेकांशी बोलतात तो ग्रिडवर आणूच नका, सरळ क्लस्टरवर, म्हणजे एकाच जागी वेगवान नेटवर्कने जोडलेल्या मशीन्सवर, पाठवा, असं स्पष्ट सांगितलं की लोकांचा आपल्यावर विश्वास बसतो.

पुढे जमलं तर वेब पोर्टल करा. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाच्या हॅडॉक या डॉकिंगच्या पोर्टलवर जगभरचे संशोधक प्रोटीनच्या फाइल्स टाकतात, मागे ग्रिड चालतंय हे त्यांना माहीत असायची गरजच नाही, सर्टिफिकेटचं सगळं पोर्टलच बघतं.

या सगळ्याला माणूस लागतो. आमच्याकडे प्रोजेक्ट संपला तसे सपोर्टचे दोघं गेले, मशीन्स तशाच चालू होत्या, पण काही महिन्यांत नवीन युजर यायचे बंद झाले. त्यामुळे बजेट करताना दोन नोड (मशीन्स) कमी घ्या पण सपोर्टच्या माणसाचा पगार आधी लिहा.