वाचकांचे प्रश्न : मोडीतले सोनेरी डॉलर

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. तिकिटाच्या यंत्रातून मोड म्हणून अधूनमधून सोनेरी डॉलर मिळतात. त्यांतले कोणते जपून ठेवावेत?

उत्तर : पाठीवर तान्हे बाळ घेतलेली सॅकागावीआ ही मूलनिवासी अमेरिकी स्त्री 2000 सालापासून या नाण्यांवर आहे, 2007 ते 2016 या काळात राष्ट्राध्यक्षांचे डॉलर निघाले. राष्ट्राध्यक्षांच्या नाण्यांवर सुरुवातीपासून, तर सॅकागावीआच्या नाण्यांवर 2009पासून, वर्ष आणि टांकसाळीची खूण कडेवर कोरलेली असते, त्यामुळे नाणे उजेडात धरून बोटांत सावकाश फिरवावे. 2012पासूनचे डॉलर संग्राहकांसाठीच पाडले जात असल्याने तसे वर्ष मोडीत दिसले, तर ते नाणे अवश्य ठेवा. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या 2007च्या काही डॉलरांची कड कोरायचीच राहून गेली. माझ्या मते मोडीतला सर्वांत मोलाचा शोध तोच, मात्र कड कानशीने घासून फसवणूकही करता येते, म्हणून वजन 8.1 ग्रॅम भरते का, ते पाहा. आणि कळकळीची विनंती, काळवंडलेले नाणे तांब्याच्या भांड्यासारखे चिंच-मीठ लावून घासू नका. त्याने मूळ झळाळी कायमची जाते.