'को-रजिस्ट्रेशन' म्हणजे नोंदणी नव्हे

प्रश्न असा आहे : हृदयरुग्णांसाठीच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करताना 'अँजिओग्राफी आणि आयव्हस यांचं को-रजिस्ट्रेशन' असा उल्लेख आला (आयव्हस म्हणजे रक्तवाहिनीच्या आतून ध्वनिलहरींनी प्रतिमा घेण्याची तपासणी). त्याला 'सहनोंदणी' म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही. 'सहनोंदणी' वाचून रुग्णाला वाटेल की दोन्ही तपासण्यांसाठी एकदमच नाव घालायचं आहे. इथल्या रजिस्टरचा वहीशी संबंध नाही. रंगीत छपाईत सगळे रंग एकमेकांवर अचूक बसले तर रजिस्टर जुळलं म्हणतात. एखादा रंग सरकला की चित्राच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. वैद्यकीय प्रतिमांच्या बाबतीतही हाच अर्थ आहे : एका प्रतिमेतली जागा दुसऱ्या प्रतिमेत नेमकी कुठे येते, ते ठरवणं.

शब्द निवडण्याआधी हे काम काय असतं ते पाहू. अँजिओग्राफीत रंगद्रव्य सोडून बाहेरून क्ष-किरणांनी चित्र घेतात. त्यात रक्तवाहिनीची वळणं, फाटे, अरुंद झालेला भाग दिसतो. पण ती पोकळीची सावली असते, भिंत दिसत नाही. भिंत पाहायची तर आत शिरावं लागतं. आयव्हसमध्ये बारीक नळीच्या टोकाशी ध्वनिलहरींचं साधन असतं, ओसीटी या तशाच आतून करायच्या तपासणीत अवरक्त प्रकाश असतो. नळी मागे ओढत नेली की वाहिनीचे आडवे छेद एकामागून एक मिळतात. ओसीटीत तर १० ते २० मायक्रॉनपर्यंतचे बारकावे कळतात. मात्र त्या छेदावरून वाहिनीचं वळण कळत नाही, आणि हा छेद नेमका कुठला, हेही तो स्वतः सांगत नाही.

ओढण्याचा वेग माहीत आहे, मग अंतर मोजून जागा काढता येईल, असं वाटतं. आयव्हसची नळी बहुधा सेकंदाला ०.५ किंवा १ मिलिमीटर वेगाने मागे येते. पण हृदय धडधडत असतं, त्यामुळे नळी वाहिनीत पुढेमागे सरकते. तिकडे बाहेरच्या चित्रात, जो भाग कॅमेऱ्याच्या दिशेने तिरका असतो तो आखूड दिसतो. दोन्हीकडची लांबी अशी फसवी. भरवशाच्या खुणा म्हणजे उपशाखा : अमुक छेदात फाटा फुटलेला दिसतो, तोच फाटा अँजिओग्राममध्ये शोधायचा, आणि अशा दोन फाट्यांच्या मधले छेद त्या हिशेबाने बसवायचे. स्टेंट कुठे सुरू करायचा आणि किती लांबीचा घ्यायचा, हे त्यावर ठरतं.

म्हणून माझी पसंती 'मेळ' या शब्दाला. हिशेबाचा मेळ घालताना वेगवेगळ्या ठेवलेल्या दोन नोंदी बाब-बाब करून पडताळतात. इथेही फाट्याला फाटा लावून तेच करायचं असतं. 'प्रतिमामेळ' हा समास सुटसुटीत होतो. 'जुळवणी'ही चुकीचं नाही, पण 'मेळ'सोबत क्रियापदं आयती मिळतात : तंत्रज्ञ मेळ घालतो, मेळ बसतो, हृदयाच्या हालचालीने मेळ चुकतो. 'संरेखन' मला कृत्रिम वाटतं, शिवाय त्यात रेषेचाच भाव आहे. इथे लांबीबरोबर कोनही जुळवावा लागतो, कारण आतला छेद कसाही फिरलेला असू शकतो. 'विलीनीकरण' तर टाळावंच. मेळ बसल्यावर दोन प्रतिमा एकीवर एक दाखवणं ही पुढची, वेगळी पायरी आहे.

जाता जाता, आयव्हसच्या पूर्ण नावातल्या 'इंट्राव्हॅस्क्युलर'बद्दल, म्हणजे 'रक्तवाहिनीच्या आतलं' या अर्थाच्या शब्दाबद्दल. 'आंतरवाहिनी' लिहू नये. 'आंतरराष्ट्रीय'प्रमाणे त्याचा अर्थ 'वाहिन्यांच्या दरम्यानचा' असा होईल. वाहिनी अधिक अंतर्गत, संधी होऊन 'वाहिन्यंतर्गत', हे रूप शुद्ध आहे, पण ते तज्ज्ञांच्या लेखात शोभेल. तुमच्या पुस्तिकेत सरळ लिहा : 'रक्तवाहिनीच्या आतून आणि बाहेरून घेतलेल्या प्रतिमांचा मेळ घातला जातो, म्हणजे आत दिसलेला दोष बाहेरच्या चित्रात कुठे आहे ते डॉक्टरांना कळतं.' एकदा कंसात 'को-रजिस्ट्रेशन' द्या, कारण रुग्णाच्या कानावर तोच शब्द पडणार आहे.